झटका मशीन आधी स्पाइसमध्ये : सबसर्किट आणि मॉडेलच्या नोंदी

घाटंजी तालुक्यात, टिपेश्वरच्या जंगलाला लागून, आमचं रिपेरिंगचं दुकान आहे. इकडे रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक वाचवायचं तर एक तर रात्रभर जागल करायची, नाहीतर वावराभोवती झटका मशीन लावायची. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींचं दुखणं ठरलेलं असतं : एससीआर (गेटला इशारा मिळाला की पेटणारा, म्हणजे चालू होणारा, इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट, कपॅसिटर फुगलेला, नाहीतर ट्रान्सफॉर्मर आतून जळालेला. पार्ट बदलून दिला की महिन्याभरात तीच मशीन परत. म्हणून एक मशीन मुळापासून बांधायची आणि बांधण्याआधी ती स्पाइसमध्ये (सर्किट न बांधता संगणकावर तपासायचा प्रोग्राम) पूर्ण चालवून बघायची, असं ठरवलं. ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

एक गोष्ट आधीच सांगतो. काही जण झटका मशीन न घेता २३० व्होल्टची लाईन थेट तारेत सोडतात. त्याने माणसं मरतात, गुरं मरतात, आपल्या विदर्भात वाघही मेले आहेत. झटका मशीनचं काम वेगळं आहे. ती सेकंदाला जास्तीत जास्त एक ठोका देते आणि तो ठोकाही सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता असतो. आयईसी ६०३३५-२-७६ या मानकात ५०० ओहमच्या लोडमध्ये एका ठोक्याची ऊर्जा ५ जूलपेक्षा आणि कालावधी १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त नसावा, असं आहे. आमच्या मशीनमध्ये साठवलेली ऊर्जाच मुळात ०.८ जूल आहे.

सर्किट थोडक्यात असं : १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यावर व्होल्टेज वाढवणारा फेराइटचा इन्व्हर्टर, त्यातून डायोडमार्फत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टपर्यंत चार्ज. एससीआर पेटला की हा कपॅसिटर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत रिकामा होतो आणि सेकंडरीतून तारेवर झटका जातो. स्पाइसच्या फाइलमधल्या ओळी रोमन अक्षरांतच लिहायच्या असतात. इथे त्या आम्ही तोंडाने म्हणतो तशा लिहिल्या आहेत.

३ ऑक्टोबर

दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर एनजीस्पाइस (स्पाइसचाच एक प्रकार) टाकलं. फुकट आहे आणि कमी मेमरीत चालतं. भाचा डिप्लोमाला आहे, त्याच्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सॉफ्टवेअर आहे. त्यातही चित्र काढायला कायकॅड आणि आत चालायला एनजीस्पाइसच. आम्ही मात्र नेटलिस्ट (कोणता पार्ट कुठे जोडला त्याची यादी) हातानेच लिहायची ठरवली, कारण सबसर्किटमध्ये (सर्किटचा नाव देऊन बांधलेला तुकडा, जो हवा तिथे वापरता येतो) कोणती पिन कुठे जाते ते डोळ्यांसमोर राहतं.

पहिलीच फाइल चालली, एरर नाही, पण आउटपुट सपाट शून्य. संध्याकाळ यात गेली. स्पाइस फाइलची पहिली ओळ नेहमी नाव म्हणून धरतं, सर्किट म्हणून वाचतच नाही. आमच्या पहिल्या ओळीत ४०० व्होल्टवर चार्ज झालेला कपॅसिटर होता, म्हणजे सर्किटमध्ये वीजच नव्हती. स्पाइस १९७३ पासूनचं, बर्कलेच्या विद्यापीठातलं. तेव्हा प्रोग्राम छिद्रांच्या कार्डांवर द्यायचे आणि वरचं कार्ड नावाचं असायचं. ती पद्धत आजही तशीच चालू आहे. पहिली ओळ नावाला सोडा.

पूर्ण सर्किट एकदम चालवू नका, हेही आजच कळलं. इन्व्हर्टर सेकंदाला वीस हजार वेळा चालू-बंद होतो आणि झटका सेकंदातून एकदा. दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवले तर लॅपटॉप रात्रभर घरघर करत बसतो. म्हणून दोन फाइली केल्या. चार्जिंगची वेगळी. डिस्चार्जच्या फाइलमध्ये कपॅसिटरला सुरुवातीलाच ‘आयसी बरोबर ४००’ (सुरुवातीचं व्होल्टेज) दिलं आणि डॉट-ट्रानच्या, म्हणजे वेळेनुसार सर्किट चालवायच्या ओळीच्या, शेवटी ‘यूआयसी’ (दिलेल्या आकड्यांपासूनच सुरू कर) लिहिलं. आता डिस्चार्जची फाइल डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात पूर्ण होते.

६ ऑक्टोबर

आउटपुट ट्रान्सफॉर्मर यवतमाळहून वाइंड करून आणला. मजुरी आणि माल मिळून ८५० रुपये. रेशो १ : १५.

स्पाइसमध्ये ट्रान्सफॉर्मर असा वेगळा पार्ट नसतो. दोन एल (कॉइल) आणि त्या एकमेकींशी किती घट्ट जोडल्या आहेत ते सांगणारी एक के-ची ओळ, एवढंच. भाच्याने प्रायमरी १ मिलिहेन्री आणि सेकंडरी १५ मिलिहेन्री टाकली. ५०० ओहमच्या लोडवर झटका दीड हजार व्होल्टच्याही आत आला. हिशेबाने तो याच्या बराच वर यायला हवा होता. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १५ पट वेढे म्हणजे २२५ पट इंडक्टन्स. सेकंडरी २२५ मिलिहेन्री केली आणि आकडा २.४ हजारांवर आला.

के-चा आकडा मनाने ०.९९ टाकू नका, मोजा. ओळखीच्या एका सरांकडून एलसीआर मीटर आणला. सेकंडरी उघडी ठेवून प्रायमरी १.० मिलिहेन्री भरली. सेकंडरीची दोन टोकं एकमेकांना जोडून प्रायमरी परत मोजली, ती ०.१ मिलिहेन्री. शॉर्टचा आकडा भागिले उघडा आकडा, तो १ मधून वजा करायचा आणि वर्गमूळ काढायचं : ०.९ चं वर्गमूळ ०.९४९. हाच आपला के. ०.९९ धरला असता तर लिकेज (इंडक्टन्सचा दुसऱ्या कॉइलशी न जोडलेला भाग) पाच पटींनी कमी दिसलं असतं आणि एससीआरमधून जाणारा करंट फाइलमध्ये भलताच चढला असता. वाइंडिंगचा रेझिस्टन्सही मीटरने मोजून दोन्ही बाजूंना सिरीजमध्ये टाकला.

हे सगळं डॉट-सबसीकेटी आणि डॉट-एंड्स (सबसर्किटच्या सुरुवातीची आणि शेवटची ओळ) यांच्या मध्ये बांधून ‘टीएफ’ नावाचं पहिलं सबसर्किट तयार झालं. चार पिना : पी१, पी२, एस१, एस२. सेकंडरी कुठेच ग्राउंडला जोडली नाही तर एनजीस्पाइस ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणून अडतं. हवेत लटकलेल्या भागाचं व्होल्टेज त्याला ठरवता येत नाही. वापरताना एस२ कुठून तरी ग्राउंडपर्यंत पोचलाच पाहिजे.

१२ ऑक्टोबर

एससीआर. टीवायएन ६१२ घेतला. ६०० व्होल्ट, १२ अँपिअर, नग ४० रुपये.

एससीआरचं तयार मॉडेल स्पाइसमध्ये नसतं, तो ट्रान्झिस्टर जोडून बनवावा लागतो. एक पीएनपी, एक एनपीएन. पीएनपीचा कलेक्टर एनपीएनच्या बेसला, एनपीएनचा कलेक्टर पीएनपीच्या बेसला. एकाचा एमिटर ॲनोड, दुसऱ्याचा कॅथोड, एनपीएनचा बेस म्हणजे गेट. कागदावर बरोबर. फाइल चालवली तर गेटला काहीही न देता एससीआर आपोआप पेटला आणि शून्य मायक्रोसेकंदाला झटका बसून गेला.

डॉट-मॉडेलमध्ये (पार्टचे गुण सांगणारी ओळ) फक्त ‘एनपीएन’ आणि ‘पीएनपी’ लिहिलं होतं, कंसात काहीच नाही. मग स्पाइस स्वतःचे आकडे धरतं आणि त्यात बीटा (ट्रान्झिस्टर बेसचा करंट किती पटींनी वाढवतो तो आकडा) १०० असतो. दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून गेन दहा हजार. दोन्ही बीटांचा गुणाकार १ च्या वर गेला की ही जोडी लॅच होते, म्हणजे एकदा पेटली की पेटलेलीच राहते. स्पाइस प्रत्येक जंक्शनवर गणितासाठी अगदी बारीक गळती ठेवतं, तेवढी गळतीही तिला पुरली.

उपाय दोन. एनपीएनचा बीटा २० आणि पीएनपीचा ०.५ केला. गुणाकार १०, म्हणजे लॅच होईल पण माजणार नाही. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा : गेट आणि कॅथोडमध्ये रेझिस्टर. किती, ते बाकावर, म्हणजे कामाच्या टेबलावर खरा पार्ट जोडून, ठरवलं. आमच्या हातातल्या नगाला पोटेन्शिओमीटरने गेट करंट हळूहळू वाढवत नेला, तर तो ५ मिलिअँपिअरच्या आसपास पेटला. गेटवर ०.७ व्होल्ट लागतात, म्हणून ०.७ भागिले ५ मिलिअँपिअर, म्हणजे १४० ओहम. १५० टाकला. आता फाइलमधला एससीआर आणि बाकावरचा एससीआर साधारण एकाच करंटला पेटतात.

शिवाय कॅथोडच्या सिरीजमध्ये १५ मिलिओहम. नाहीतर ७५ अँपिअर जात असतानाही मॉडेलवर जेमतेम एक व्होल्ट पडतो.

१४ ऑक्टोबर

कालपासून वेव्हफॉर्म विचित्र. झटका निघतो पण जेमतेम काहीशे व्होल्टचा. एरर नाही, वॉर्निंग नाही.

सबसर्किटला हाक मारताना एक्स-च्या ओळीत पिनांची नावं जुळत नाहीत, जुळतो फक्त क्रम. आमच्या सबसर्किटचा क्रम ॲनोड, गेट, कॅथोड. भाच्याने एक्स-ची ओळ पार्ट हातात धरून लिहिली. टीवायएन ६१२ समोरून पाहिला तर पाय कॅथोड, ॲनोड, गेट असे येतात. स्पाइसला यात काही वावगं दिसत नाही. तीन पिना मागितल्या, तीन मिळाल्या.

आता नियम केला आहे. प्रत्येक डॉट-सबसीकेटीच्या वर ताऱ्याने सुरू होणारी कॉमेंटची ओळ, तिच्यात पिनांचा क्रम. आणि प्रत्येक सबसर्किटसाठी एक छोटी चाचणीची फाइल : बॅटरी, रेझिस्टर, तो एकच भाग, बस. त्या फाइलमध्ये तो बाकावरच्या पार्टसारखा वागला तरच मोठ्या सर्किटमध्ये एक्स लावायचा. या एका सवयीने पुढचे कितीतरी तास वाचले.

१९ ऑक्टोबर

चार्जिंगची बाजू. फाइल म्हणते कपॅसिटर ०.८ सेकंदात ४०० व्होल्टवर पोचतो. बाकावर झटक्याची वेळ आली तरी ३१० व्होल्टच, आणि डायोडला बोट लावलं तर चटका बसतो.

डायोड होता १एन४००७, फाइलमध्ये मॉडेल नुसतं ‘डी’. नुसतं ‘डी’ म्हणजे अगदी गुणी डायोड. त्याचं ट्रान्झिट टाइम, म्हणजे टीटी, शून्य. जंक्शनची कपॅसिटी, म्हणजे सीजेओ, शून्य. ब्रेकडाउन व्होल्टेज अनंत. असा डायोड दुकानात मिळत नाही.

चाचणीची फाइल केली : १०० ओहममधून डायोडला आधी सुलट आणि मग अचानक उलट व्होल्टेज. तसंच बाकावर करून स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पाहिलं. व्होल्टेज उलटल्यावर करंट शून्यावर येऊन थांबायला हवा. तो शून्य ओलांडून खाली जातो, काही वेळ उलटा सपाट वाहत राहतो आणि मग वर येतो. १एन४००७ मध्ये हा उलटा तुकडा मायक्रोसेकंदांच्या घरात दिसला. म्हणजे इन्व्हर्टरच्या प्रत्येक ठोक्याला कपॅसिटरमध्ये भरलेली थोडी वीज परत बाहेर येत होती आणि तिचीच उष्णता डायोडमध्ये जात होती. टीटी वाढवत नेऊन फाइलमधला उलटा तुकडा स्कोपवरच्याएवढा केला, तर फाइलमधला कपॅसिटरही तीनशेच्या आसपास अडकला. तेव्हा खात्री पटली.

यूएफ४००७ लावला. रिकव्हरी ७५ नॅनोसेकंद, किंमत पाच रुपयांच्या आत, आकार तोच. डायोड थंड राहतो, कपॅसिटर वेळेत भरतो. दुरुस्तीला आलेल्या मशिनींमध्ये मी स्वतः इतकी वर्षं १एन४००७ च परत बसवत होतो.

मॉडेल काय सांगत नाही, तेही यातून नीट दिसलं. आमचा ट्रान्झिस्टरवाला एससीआर फाइलमध्ये दोन हजार व्होल्टही शांतपणे अडवतो, कारण त्या मॉडेलमध्ये ब्रेकडाउनच नाही. खरा एससीआर ६०० च्या वर कधीही जाईल. म्हणून सबसर्किटच्या आत ॲनोडपासून गेटकडे एक उलटा डायोड टाकला आणि त्याच्या मॉडेलमध्ये ‘बीव्ही बरोबर ६००’ लिहिलं. आता व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर फाइलमधला एससीआर अवेळी पेटतो आणि आपल्याला कळतं. डायोडचं मॉडेल सबसर्किटच्या आतच लिहिलं, म्हणजे ते नाव बाहेरच्या दुसऱ्या मॉडेलशी भांडत नाही.

२२ ऑक्टोबर

जुन्या मशिनींमधले कपॅसिटर का फुगतात, ते आज दिसलं. डिस्चार्जच्या फाइलमध्ये कपॅसिटरचं व्होल्टेज काढलं. ४०० वरून ते शून्यावर येऊन थांबत नाही, ५०० ओहमच्या लोडवरही साधारण उणे ९० पर्यंत जातं. लोड हलका असेल तर आणखी खाली. त्या मशिनींमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांना उलटं व्होल्टेज अजिबात चालत नाही, आणि इथे ते प्रत्येक झटक्याला बसतं.

आम्ही पाण्याच्या मोटारीचा १० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसीचा रनिंग कपॅसिटर लावला. फिल्मचा असतो, उलटसुलट दोन्ही चालतं, कुठल्याही मोटार-वाइंडिंगच्या दुकानात मिळतो. १६० रुपये. त्याच्यावर १ मेगओहमचा रेझिस्टर कायमचा जोडला, म्हणजे मशीन बंद केल्यावर तो स्वतःच रिकामा होतो. तरी हात लावण्याआधी मीटर लावून बघाच.

२६ ऑक्टोबर

आता तार. पाच एकर चौकोनी वावराचा धुरा (बांध) सुमारे ५७० मीटर भरतो, म्हणून ६०० मीटर धरले. शंभर मीटरचं एक सबसर्किट आणि ते सहा वेळा. ‘खंड’ नाव दिलं. आत तारेचा रेझिस्टन्स (आमच्या तारेच्या गुंडाळीवर मोजला, शंभर मीटरला ५ ओहम), इंडक्टन्स, जमिनीशी कपॅसिटी आणि इन्सुलेटरची गळती. अर्धा मीटर उंचीवर एक तार असेल तर कपॅसिटी मीटरमागे ८ पिकोफॅरडच्या आसपास येते, म्हणजे खंडाला ८०० पिकोफॅरड.

चालवलं आणि तारेवर शून्य व्होल्ट.

गळती ५ मेगओहम हवी होती, फाइलमध्ये ‘५एम’ होतं. स्पाइस लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. एम म्हणजे मिलि, मोठा असो वा लहान. तार ५ मिलिओहमने जमिनीला टेकली होती. मेगसाठी ‘एमईजी’ अशी तीन अक्षरं लिहायची. असंच कपॅसिटरच्या आकड्यामागे नुसता ‘एफ’ लावला तर फॅरड होत नाही, फेम्टो होतो.

गळती आणि लांबी या दोन्ही गोष्टी पॅरामीटर केल्या. डॉट-सबसीकेटीच्या ओळीतच शेवटी ‘लांबी बरोबर १००, गळती बरोबर ५एमईजी’, आणि आत महिरपी कंसात त्यांचा हिशेब. आता चौथ्या खंडात गवत टेकलं असं बघायचं असेल तर फक्त चौथ्या एक्स-च्या ओळीत गळती १ के लिहायची, बाकी पाच खंडांना हात लावायचा नाही. एवढ्या गवताने ५०० ओहमवरचा झटका २.४ वरून १.९ हजारांवर आला.

तारेच्या कपॅसिटीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. ६०० मीटरची ४.८ नॅनोफॅरड किरकोळ वाटते. पण ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडून बघितलं तर ती २२५ पट होते, म्हणजे १ मायक्रोफॅरडच्या वर. आपला साठवणीचा कपॅसिटरच १० चा आहे. तारा वाढवत नेल्या तर गवत नसतानाही झटका का मरतो, त्याचं एक कारण हे.

५ नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद होतं. हरभरा पेरणीची वेळ, त्यामुळे दुकानातही गर्दी. एक काकाजी आपली मशीन घेऊन आले आणि म्हणाले, “मशीनचा काटा तर फुल दाखवते भाऊ, मंग डुक्कर आत कसं घुसते?” मशीन तपासली, ठणठणीत होती.

रात्री तोच प्रश्न फाइलला विचारला आणि फाइलकडे उत्तरच नव्हतं. आमच्या खंडात जमीन म्हणजे नोड ० होता (नोड म्हणजे जोडाचा बिंदू, ० म्हणजे स्पाइसचं ग्राउंड). सबसर्किटच्या आतले बाकी सगळे नोड खाजगी असतात, बाहेर त्याच नावाचा नोड असला तरी त्याचा संबंध नसतो. पण ० हा एकटा सगळीकडे तोच. म्हणजे सहाही खंडांची माती, ५०० ओहमचं जनावर आणि मशीनचं अर्थिंगचं टोक, सगळं तांब्याच्या जाड पट्टीने जोडल्यासारखं झालं होतं. खऱ्या वावरात मशीन आणि माती यांच्यामध्ये एक लोखंडी खुंटी असते, आणि सगळा करंट तिच्यातून परत येतो.

खंडाला तिसरी पिन दिली : माती. सहाही खंडांची माती एका नोडला, जनावरही त्याच नोडला, आणि तो नोड मशीनच्या टोकाशी ‘आरखुंटी’ नावाच्या रेझिस्टरने जोडला. मग खुंटीचा आकडा बदलत गेलो. खुंटी शून्य ओहम असताना जनावराला २.४ हजार. ३०० ओहम केली तर सुमारे २ हजार. १००० ओहम केली तर १.४ च्या आसपास. आणि त्याच वेळी मशीनच्या टोकांवरचा आकडा काय करतो? वाढतो. २.४ वरून ३.३, मग ४ हजारांच्या वर. मशीनला लोड हलका वाटतो म्हणून तिचा काटा चढतो, आणि तो चढलेला वाटा सगळा खुंटीवर खर्च होतो.

दुसऱ्या दिवशी काकाजींना सांगितलं, मशीन नका बदलू, खुंटी बदला. त्यांची खुंटी वीतभर खोल होती, गोठ्याच्या ओट्याजवळ कोरड्या मुरमात ठोकलेली.

तुम्ही कुठल्याही फाइलमध्ये अर्थिंगचा खेळ बघणार असाल, मग ते झटका मशीन असो की सोलर पंप, सबसर्किटच्या आत नोड ० वापरू नका. माती ही पिन म्हणून बाहेर काढा.

१० नोव्हेंबर

बाकावर पूर्ण मशीन. उच्च व्होल्टेज मोजायला ४७० के चे वीस रेझिस्टर एका ओळीत आणि खाली १० के, म्हणजे साधारण ९४० ला एक. मीटर किंवा स्कोप थेट लावायचा नाही. एकच मोठा रेझिस्टरही नको. त्याच्यावर इतकं व्होल्टेज आलं तर तो बाहेरून फुटतो. वीसांत वाटलं की प्रत्येकावर शेदोनशे येतात.

५०० ओहमवर फाइल २.४ हजार, स्कोप २.२ हजार. आठ-नऊ टक्के कमी, चालेल. आकारही जुळतो.

लोड काढला तर वरचं टोक बऱ्यापैकी जवळ, पण शेपूट जुळत नाही. फाइलमध्ये झटका लांब पसरतो, स्कोपवर मध्येच तुटल्यासारखा खाली येतो. लोखंडाचा कोअर भरून जातो आणि इंडक्टन्स कोसळतो. के-ने बांधलेल्या दोन एल-ना हे माहीत नसतं, त्यांचा इंडक्टन्स कितीही करंटला तोच राहतो. लोड असताना कोअर भरत नाही, म्हणून तिथे आकडे जुळले. या मॉडेलवर लोड असतानाच विश्वास ठेवायचा, असं सबसर्किटच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं.

उत्पादकाच्या साइटवरून एका मॉस्फेटचं मॉडेल इन्व्हर्टरसाठी उतरवलं, ते एनजीस्पाइसमध्ये उघडेना. पीस्पाइस या स्पाइसच्या दुसऱ्या प्रकाराच्या बोलीत लिहिलेलं होतं. एनजीस्पाइस सुरू होताना वाचतं त्या डॉट-स्पाइसइनिट फाइलमध्ये ‘सेट एनजीबिहेव्हियर बरोबर पीएसए’ ही ओळ टाकल्यावर चाललं. त्याचीही आधी वेगळी चाचणी घेतली, मगच आत लावलं.

१६ नोव्हेंबर

मशीन वावरात. ज्यांच्याकडे लावली त्यांनी धुरा आधीच साफ करून ठेवला होता, तारेला कुठेही गवत नाही. रात्री कोणी चुकून हात लावू नये म्हणून पिवळ्या पाट्या लावल्या.

सर्वांत दूरच्या टोकाला ५०० ओहम आणि एक खुंटी लावून मोजलं. लोडवर २.० हजार, त्याच वेळी मशीनच्या टोकांवर २.८ हजार. लोडमधून ४ अँपिअर जातात, मध्ये ८०० व्होल्ट कुठेतरी पडतात, म्हणजे २०० ओहम. तारेचे ३० सोडले तर १७० ओहम दोन्हीकडच्या खुंट्या मिळून. फाइलमध्ये आरखुंटी १७० केली तर मशीनच्या टोकांवर ३.१ आणि लोडवर २.२ आले. बाकावर जेवढा फरक होता तेवढाच इथेही. जुळलं.

मशीनजवळ आणखी दोन खुंट्या तीन-तीन मीटरवर, कमरेएवढ्या खोल ठोकून जोडल्या. लोडवर २.१ झालं. घरधनी म्हणाले, “एवढ्यासाठी दोन सळया?” आता माती ओली आहे म्हणून फरक कमी दिसतो. तूर निघेपर्यंत ती वाळलेली असेल.

३० नोव्हेंबर

पंधरवड्यात एससीआर, डायोड, कपॅसिटर सगळे शाबूत. तुरीत डुकरांचा शिरकाव नाही. एका रात्री रोह्याने तार तोडली, ती सकाळी जोडली.

फाइलमध्ये दोन कामं राहिली. पहिलं, कोअर भरून जाण्याचं मॉडेल. त्यासाठी प्रायमरीचा करंट वाढवत नेऊन इंडक्टन्स कुठे पडतो ते मोजावं लागेल आणि त्यातून ‘टीएफ’ नव्याने बांधावं लागेल. दुसरं, खुंटीचा उन्हाळ्यातला आकडा. काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खुंटीभोवतीची मातीच सुटते. तेव्हा याच तीन खुंट्यांवर, याच ५०० ओहमवर परत मोजणार आणि आरखुंटीचे दोन आकडे फाइलमध्ये ठेवणार, एक ओल्या मातीचा आणि एक भेगाळलेल्या. खुंट्या किती आणि किती खोल, ते त्या दुसऱ्या आकड्यावर ठरवायचं.